चाळिशीत निवृत्ती, पण मुलं अजून शाळेत: हे गणित खरंच जमतं का?

"वय ४०. पुण्यात स्वतःचं घर, कर्ज फिटलंय. दोन मुलं, मोठं ८ वर्षांचं, धाकटं ५ वर्षांचं. साडेतीन कोटी जमलेत. राजीनामा देऊ का?"

थोड्याफार फरकाने असे प्रश्न हल्ली सोशल मीडियावर सतत दिसतात. त्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. एक गट म्हणतो, "एवढ्या पैशात गावाकडे तीन पिढ्या बसून खातील." दुसरा गट म्हणतो, "मुलांची शिक्षणं व्हायचीत अजून, डोकं ठिकाणावर आहे का?"

दोन्ही गट अंदाजाने बोलत असतात. पण या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मोजून काढता येतं. ते काढायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. लवकर निवृत्तीची जी सूत्रं आपल्याकडे फिरतात, त्यात नवरा-बायको असतात, शेअर बाजार असतो, महागाईही असते. मुलं मात्र नसतात.

मग मुलं धरून हे गणित कसं मांडायचं? समजून घेऊया.

'फायर' म्हणजे काय?

'फायनान्शियल इंडिपेन्डन्स, रिटायर अर्ली' या शब्दांचं हे लघुरूप. कमाईतला मोठा हिस्सा वाचवायचा, तो गुंतवायचा आणि गुंतवणुकीतून घरखर्च निघू लागला की पगाराची नोकरी सोडायची, अशी ही कल्पना. विकी रॉबिन आणि जो डोमिंगेझ यांचं १९९२ साली आलेलं 'युवर मनी ऑर युवर लाइफ' हे पुस्तक या विचाराचं मूळ मानलं जातं.

पुढे 'मिस्टर मनी मस्टॅश' या नावाने लिहिणाऱ्या पीट ॲडनी यांच्यामुळे ही कल्पना जगभर पोहोचली. अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअर असलेल्या ॲडनी यांनी २००५ साली, वयाच्या तिशीत नोकरी सोडली. होणाऱ्या मुलाला पुरेसा वेळ देता यावा, हे त्यामागचं एक कारण होतं.

म्हणजे 'फायर'चं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका बापाचंच आहे. पण ते उदाहरण भारतात आणताना एक फरक सुटतो. अमेरिकेत सरकारी शाळेत बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत असतं आणि तिथला मध्यमवर्ग या शाळांमध्ये मुलांना सर्रास घालतो. आपल्याकडे ज्यांच्याकडे तीन-साडेतीन कोटी जमतात, त्यांची मुलं बहुतेक वेळा खासगी शाळेत असतात. तिथली फी पहिल्या वर्षापासून सुरू होते.

चर्चा आताच का वाढली?

एक कारण सरळ आहे. २००० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आयटी आणि वित्त क्षेत्रात लागलेली पिढी आता चाळिशीत आहे. दोघांचे पगार, एसआयपी आणि वाढलेला शेअर बाजार यामुळे त्यातल्या काहींच्या हातात आई-वडिलांच्या पिढीने कधी पाहिली नव्हती एवढी रक्कम आहे.

दुसरं कारण भीतीचं आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले लोक असतील, असंही सांगितलं गेलं. म्हणजे साधारण तेच लोक, ज्यांची मुलं आत्ता शाळेत आहेत.

त्यामुळे 'मला लवकर निवृत्त व्हायचंय' या वाक्याचे दोन अर्थ झालेत. काहींना खरंच थांबायचं आहे. काहींना असं वाटतं की कंपनीने काढण्याआधी आपणच सन्मानाने बाहेर पडावं. दुसऱ्या अर्थाने विचार करणाऱ्यांसाठी हे गणित जास्त महत्त्वाचं आहे, कारण नोकरीत खंड पडल्यावर पन्नाशीत पुन्हा तेवढ्याच पगाराची नोकरी मिळणं अवघड असतं.

२५ पटीचं सूत्र कुठून आलं?

'वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की निवृत्त व्हा,' हे वाक्य तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. त्याचं मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी वित्त सल्लागाराने १९९४ साली लिहिलेल्या एका लेखात आहे. त्यांनी १९२६ पासूनची अमेरिकेतली शेअर आणि सरकारी रोख्यांची आकडेवारी तपासली. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईएवढी वाढ केली, तर पैसे किमान ३० वर्षं पुरतात, असं त्यांना दिसलं. ४ टक्के म्हणजे पंचविसावा भाग. म्हणून २५ पट.

यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, हिशोब ३० वर्षांचा आहे, म्हणजे साठी-पासष्टीत निवृत्त होणाऱ्यांसाठीचा. चाळिशीत थांबणाऱ्याला पैसे ४५ ते ५० वर्षं पुरवायचे असतात. दुसरी, आकडेवारी अमेरिकेची आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच ४ टक्के आहे आणि त्यात दोन टक्के वर-खाली व्हायला मुभा आहे.

म्हणून भारतात लवकर निवृत्त होणाऱ्यांनी दरवर्षी ३ टक्क्यांच्या आसपासच रक्कम काढावी, असा सावध सल्ला अनेक सल्लागार देतात. ३ टक्के म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या साधारण ३३ पट रक्कम हवी.

पण तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे. या सूत्रात खर्च दरवर्षी सारखाच राहतो, फक्त महागाईने वाढतो, असं गृहीत धरलंय. निवृत्त जोडप्याच्या घरखर्चाबाबत हे बऱ्यापैकी खरं असतं. मुलांच्या खर्चाबाबत ते अजिबात खरं नसतं.

मुलांचा खर्च वेगळा का मोजायचा?

घरखर्च आयुष्यभर चालतो. मुलांचा खर्च काही वर्षांतच संपतो, पण जाताना जोरदार दणका देऊन जातो.

सुरुवातीच्या प्रश्नातलंच कुटुंब घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, मुलांचा खर्च सोडून घर चालवायला महिन्याला ८० हजार लागतात. म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. याच्या २५ पट म्हणजे २ कोटी ४० लाख. ३३ पट म्हणजे जवळपास ३ कोटी २० लाख.

आता मुलं. शाळेची फी, बस, पुस्तकं, एखादा क्लास धरून एका मुलामागे वर्षाला दीड लाख. मोठ्याची अजून १० वर्षं शाळा-ज्युनिअर कॉलेज, धाकट्याची १३ वर्षं. दोघांचे मिळून २३ वर्षांचे साडेचौतीस लाख. प्रवेश परीक्षांच्या क्लासचे प्रत्येकी ३ लाख. पदवीचे, हॉस्टेल-मेसच्या खर्चासह, प्रत्येकी १२ लाख. त्यानंतरची दोन वर्षं, पदव्युत्तर शिक्षण असो की स्पर्धा परीक्षेची तयारी, प्रत्येकी ८ लाख.

बेरीज साधारण ८० लाख.

"पण हे तर आजच्या किमतीत झालं, महागाई कुठे आहे?" असा प्रश्न इथे पडेल. इथे एक सोपी युक्ती वापरली आहे. शिक्षणाचा खर्च ज्या वेगाने वाढतो, त्याच वेगाने कर वजा जाता आपली गुंतवणूकही वाढेल असं धरलं, तर आजच्या किमतीत सरळ बेरीज करता येते. महाराष्ट्रात खासगी शाळांना शुल्क नियमन कायद्यानुसार दोन वर्षांतून एकदा फी वाढवता येते आणि १५ टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा टिकते. दोन वर्षांत १५ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ७ टक्के. या वेगाने आजची दीड लाखाची फी १० वर्षांनी ३ लाख होते. म्हणजे मुलांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशालाही कर देऊन किमान ७ टक्के वाढावं लागेल. साध्या एफडीत हे नेहमी जमत नाही.

आता बघा गंमत. काही जण मुलांचा आजचा खर्च, म्हणजे दोघांचे वर्षाला ३ लाख, घरखर्चातच धरतात आणि त्याला २५ ने गुणतात. उत्तर येतं ७५ लाख. आपल्या ८० लाखांच्या जवळच. मग फरक काय?

फरक वेळेचा आहे. सूत्र सांगतं की दरवर्षी ३ लाखच काढा, म्हणजे पैसे पुरतील. पण साधारण पंधराव्या वर्षी मोठं मूल पदवीनंतरचं शिक्षण घेत असेल आणि धाकटं पदवीला असेल. त्या एका वर्षात आजच्या किमतीत ७ लाख लागतील. ७ टक्के वाढ धरली तर तेव्हाच्या रुपयात ते १९ लाखांच्या पुढे जातात. नेमकं त्याच वर्षी बाजार पडलेला असला तर?

हे 'जर-तर' नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ९ हजारांच्याही खाली आला. पगार चालू असलेला माणूस अशा वेळी थांबू शकतो. कॉलेजची फी भरायची असलेल्या निवृत्त बापाला पडत्या भावात युनिट विकावे लागतात. विकलेले युनिट बाजार वर आला तरी परत येत नाहीत आणि त्याचा फटका पुढच्या तीस वर्षांच्या घरखर्चाला बसतो.

मूल 'आपल्या पायावर' कधी उभं राहतं?

लवकर निवृत्तीच्या हिशोबात सगळ्यात चुकणारा आकडा हा आहे.

कायद्याच्या दृष्टीने मूल १८ व्या वर्षी सज्ञान होतं. हिंदू दत्तक आणि पोषण कायदा, १९५६ नुसार आई-वडिलांवर मुलांच्या पोषणाची जबाबदारी ती अज्ञान असेपर्यंत आहे. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर ती त्यानंतरही राहते.

विमा कंपन्यांच्या लेखी हे वय बहुतेक वेळा २५ असतं. फॅमिली फ्लोटर पॉलिसीत मुलं साधारण तेवढ्या वयापर्यंतच 'अवलंबून' मानली जातात.

आणि प्रत्यक्षात? पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींकडे बघा. एमपीएससीसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षं आहे, मागास प्रवर्गासाठी ४३. सगळे तोपर्यंत थांबत नाहीत, पण पंचविशी-तिशीपर्यंत घरून दरमहा पैसे येत असलेले हजारो जण आहेत. यात कुणाची चूक आहे असं नाही. नोकऱ्यांची परिस्थिती तशी आहे. पण निवृत्त झालेल्या बापाच्या वहीत '२२ व्या वर्षी खर्च बंद' असं लिहिलेलं असतं.

आपल्या उदाहरणातलं धाकटं मूल अगदी वेळेवर शिकलं, तर पदवी संपेल तेव्हा वडील ५७ वर्षांचे असतील. पुढची दोन वर्षं धरली तर ५९. राज्य सरकारच्या बहुतांश कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. म्हणजे चाळिशीत नोकरी सोडली, तरी बाप म्हणून जबाबदारीतून मोकळं व्हायचं वय जवळपास तेच राहतं. बदलतं ते एवढंच की मधली अठरा वर्षं पगाराशिवाय काढायची असतात.

आपल्याकडे लवकर निवृत्त होणारे आधीपासून आहेत

'फायर' हा शब्द नवा असला, तरी मुलं लहान असताना निवृत्त होणं महाराष्ट्राला नवं नाही.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या अनेक घरांत लष्करातून परतलेला चाळिशीच्या आतबाहेरचा बाप असतो. जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते, त्यामुळे विशीच्या आत भरती झालेले अनेक जण मुलं प्राथमिक शाळेत असतानाच घरी येतात.

त्यांच्याकडे काय असतं? शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी पेन्शन, तीही आयुष्यभर आणि महागाई भत्त्यासह. माजी सैनिकांच्या 'ईसीएचएस' योजनेतून कुटुंबाला उपचार, ज्यात मुलगा अविवाहित आणि कमावता नसेल तर २५ व्या वर्षापर्यंत येतो. मुलांसाठी शिष्यवृत्त्या, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी वसतिगृहं, सरकारी भरतीत राखीव जागा.

एवढं असूनही त्यातले बरेच जण पुन्हा कामाला लागतात. कुणी बँकेत सुरक्षारक्षक होतो, कुणी पोलीस भरती देतो, कुणी शेतीला जोडधंदा उभा करतो. घरी बसवत नाही हे एक कारण. मुलांचं शिक्षण पुढे उभं असतं, हे दुसरं.

दुसरं उदाहरण टेलिफोन खात्याचं. २०१९ च्या अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलने ५० वर्षं पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, असं सानुग्रह अनुदानाचं सूत्र होतं. बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार, तर मुंबई-दिल्लीतल्या एमटीएनएलच्या सुमारे १४ हजार कर्मचाऱ्यांनी ती घेतली. ३१ जानेवारी २०२० हा त्यांचा कामाचा शेवटचा दिवस होता.

दोन महिन्यांच्या आत लॉकडाऊन लागला. मार्चमध्ये शेअर बाजार एका टप्प्यावर जानेवारीच्या उच्चांकावरून तब्बल ३८ टक्के खाली आला होता. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून मेपर्यंत ४ टक्क्यांवर आला आणि एफडीचे व्याजदरही उतरले. हातात एकरकमी पैसे आले आणि ते ठेवायची दोन्ही ठिकाणं एकाच वेळी डळमळली. त्यांना आधार होता तो पेन्शनचा.

खासगी नोकरी सोडणाऱ्या चाळिशीतल्या माणसाकडे हाच आधार नसतो. ईपीएफसोबत जी पेन्शन योजना असते, तिच्यात वेतनमर्यादा १५ हजारांची आहे. १८ वर्षं नोकरी झालेल्याला सध्याच्या सूत्राप्रमाणे महिन्याला फार तर ३,८५० रुपयांच्या आसपास पेन्शन बसते, तीही ५८ व्या वर्षापासून. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दरवर्षामागे ४ टक्के कपात होते. जवानाच्या मागे सरकार उभं असतं. 'फायर'वाल्याच्या मागे फक्त त्याचा पोर्टफोलिओ असतो.

पगारासोबत आणखी काय जातं?

नोकरी म्हणजे फक्त पगार नाही. ती सोडल्यावर तीन गोष्टी गुपचूप निघून जातात.

पहिली, कंपनीचा मेडिक्लेम. तो सहसा राजीनाम्यासोबत संपतो. नवी पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, पण चाळिशीत बीपी किंवा शुगर असलेल्याला तीन वर्षंही मोठी असतात. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेवणं किंवा गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का हे आधी विचारणं, हे दोन मार्ग. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, हा थोडा दिलासा.

दुसरी, टर्म इन्शुरन्स मिळण्याची पात्रता. किती लाखांचं कवच द्यायचं हे कंपनी तुमच्या कमाईवरून ठरवते. पगार थांबल्यावर मोठं कवच मिळणं कठीण होतं. घरात लहान मुलं असताना निवृत्त होणाऱ्याला याची गरज मात्र नोकरदाराइतकीच असते.

तिसरी, कर्ज मिळण्याची पत. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो आणि मोठ्या रकमेसाठी बँक त्याचं उत्पन्न किंवा तारण बघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळू शकतं. पण मुलाला त्याच संस्थांमध्ये प्रवेश मिळेल, हे गृहीत धरून आज राजीनामा देता येत नाही.

नाव नसलेली लवकर निवृत्ती

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट क्वचितच येते. मुलांसाठी तिशी-पस्तिशीत नोकरी सोडणारी सगळ्यात मोठी संख्या बायकांची आहे.

२०१७ पासून प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तरीही सव्वीस आठवड्यांनंतर बाळाला कोण बघणार, या प्रश्नावर अनेक घरांत उत्तर एकच निघतं. तिचा राजीनामा.

तिच्या नावावर २५ पट रक्कम जमलेली नसते. तिच्या निर्णयाला कुणी 'आर्थिक स्वातंत्र्य' म्हणत नाही. तिचा ईपीएफ तिथेच थांबतो आणि दहा वर्षं सेवा झाली नसेल तर ईपीएफसोबतच्या मासिक पेन्शनचा हक्कही मिळत नाही.

म्हणून एखाद्या घरात नवरा चाळिशीत निवृत्त होऊ पाहतो, तेव्हा 'बायकोची नोकरी आहेच' हे वाक्य तपासून घ्यायला हवं. तिने दमून थांबायचं ठरवलं तर योजना टिकते का? आणि निवृत्त झालेला बाप डबा, अभ्यास, पालकसभा, आजारपणं खरंच स्वतःकडे घेणार आहे का? वेळ मुलांसाठी हवा असेल, तर तो जाणार कुठे हेही आधीच बोललेलं बरं.

मग लवकर निवृत्त होऊच नये का?

असं नाही. मूल आठ वर्षांचं असताना मिळालेला वेळ ते अठरा वर्षांचं झाल्यावर परत मिळत नाही. शाळेतून आल्यावर दार उघडायला बाप घरात असणं, याची किंमत कुठल्याच एक्सेल शीटमध्ये बसत नाही. प्रश्न फक्त तो वेळ कशाच्या बदल्यात घेतोय, हे माहीत असण्याचा आहे.

निर्णय घेण्याआधी काही गोष्टी करता येतात.

दोन वेगळ्या थैल्या करा. एक घरखर्चाची, एक मुलांची. मुलांच्या थैलीत प्रत्येक वर्षासमोर रक्कम लिहा. पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवू नका.

धाकट्याचं वय बघा, स्वतःचं नाही. धाकटं मूल ५ वर्षांचं असताना निवृत्त होणं आणि १५ वर्षांचं असताना निवृत्त होणं, यात फार मोठा फरक आहे. पंधराव्या वर्षी मुलाचा कल, शाळेचा खर्च आणि पुढचा मार्ग बराचसा दिसू लागतो.

मुलगी १० वर्षांपेक्षा लहान असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. वर्षाला दीड लाखांपर्यंत, १५ वर्षं पैसे भरायचे, खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. जानेवारी २०२४ मध्ये याचा व्याजदर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला त्याचा आढावा घेतं. मुलाच्या नावावर केलेली गुंतवणूक मात्र तो १८ वर्षांचा झाला की कायद्याने त्याची होते. ती फीसाठीच वापरायची की बाइकसाठी, हे मग तो ठरवेल.

वर्षभर रंगीत तालीम करा. पगार येत असतानाच ठरवलेल्या बजेटमध्ये बारा महिने जगून बघा. त्यात दिवाळी येते, लग्नं येतात, आई-वडिलांचं एखादं ऑपरेशन येतं. बारा महिन्यांत जो आकडा निघेल तो खरा.

मुलांशी बोला. 'भारतातलं पदवीपर्यंतचं शिक्षण आमच्याकडून, परदेशात जायचं असेल तर शिष्यवृत्ती किंवा कर्ज' अशी मर्यादा असेल, तर ती मुलाला दहावीत कळायला हवी. ऑफर लेटर हातात आल्यावर नव्हे.

साडेतीन कोटी पुरतात का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. साडेतीन कोटींतून मुलांचे ८० लाख बाजूला काढले की उरतात २ कोटी ७० लाख. त्यातून वर्षाला ९ लाख ६० हजार काढायचे म्हणजे साधारण साडेतीन टक्के. चार टक्क्यांच्या सूत्रात हे बसतं, तीन टक्क्यांच्या सावध हिशोबात बसत नाही. तिथे ५० लाख कमी पडतात. यात आई-वडिलांची आजारपणं नाहीत, परदेशी शिक्षण नाही आणि तिशीपर्यंत चालणारी परीक्षेची तयारीही नाही.

पण याच घरात दोघांपैकी कुणी एकाने कमी ताणाचं, कमी पगाराचं काम धरलं तर? समजा, शिकवण्या, सल्लागारी किंवा अर्धवेळ नोकरीतून महिन्याला ४० हजार आले, तर गुंतवणुकीतून वर्षाला ४ लाख ८० हजारच काढावे लागतात. हे दोन टक्क्यांपेक्षाही कमी. बाकीची रक्कम वाढत राहते आणि बाजार पडला तरी विकायची घाई होत नाही. 'फायर'च्या भाषेत याला 'बरिस्ता फायर' म्हणतात. सातारा-कोल्हापूरकडचे माजी सैनिक हे पिढ्यानपिढ्या करत आलेत, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

म्हणजे या जोडप्यासाठी उत्तर असं निघतं: राजीनामा द्यायला हरकत नाही, पण कमाई पूर्ण बंद करायला अजून वेळ आहे. किती वेळ, हे घरातल्या ५ वर्षांच्या मुलाच्या वयावर ठरेल.